पाण्यावर जाण्याआधी अंगावर काय घालाल?

 

आज पाण्याबद्दल बोलू. प्यायच्या किंवा ओलिताच्या पाण्याबद्दल नाही, तर ज्या पाण्यावर आपण डोंग्यातून, तराफ्यावरून, ट्यूबवरून जातो त्या पाण्याबद्दल. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला कोरडवाहू म्हणतात, पण पाणी आपल्याकडं कमी नाही. दक्षिणेला पैनगंगा आहे, उत्तर-पूर्वेला वर्धा आहे. पुसद भागात पूस आणि ईसापूर, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगावकडं बेंबळा अशी मोठी धरणं आहेत. त्यात गावोगावी शेततळी झाली. पाणी आलं तसे पाण्यावर जाणारे लोकही वाढले. कोणी मासे धरायला जातं, कोणी पलीकडच्या काठावर मजुरीला, कोणी तळ्यातली मोटार काढायला, आणि पोरं जातात मजा म्हणून.

सुरुवात एका नव्या खेळाने करते. मोबाईलवर तुमच्या मुलांनी तो पाहिलाही असेल. माणूस एका फळीवर उभा राहतो आणि ती फळी पाण्याला न टेकता हात-दीड हात वर हवेत चालते. त्याला हायड्रोफॉइल म्हणतात. फळीच्या खाली एक उभा दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला विमानाच्या पंखासारखी पाती असते. पाती पाण्यातच राहते. वेग आला की ती पाती फळीला वर उचलते. पतंगाच्या किंवा शिडाच्या वाऱ्यावर चालणाऱ्या अशा फळ्यांच्या शर्यती २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही झाल्या. काही फळ्यांना तर बॅटरीची मोटारही लावतात.

खेळ देखणा आहे, पण इजा करणारा आहे. वेगात तोल गेला की माणूस पडतो आणि खालची पाती पोटरीला, मांडीला, बरगडीला लागते, कधी डोक्याला लागते. पाती कडक आणि कडेला पातळ असते, त्यामुळं जखम खोल होते. पाणी उथळ असलं तर दांडा तळाला अडकतो आणि माणूस पुढं फेकला जातो. म्हणून हा खेळ शिकवताना आधी पडायचं कसं ते शिकवतात. फळीपासून लांब पडायचं, डोकं पुढं करून सूर मारायचा नाही, वर येताना हात डोक्यावर धरायचे. डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर तरंगतं जॅकेट चढवल्याशिवाय शहाणा माणूस त्या फळीवर पाय ठेवत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, हे श्रीमंतांचे खेळ, आम्हाला काय त्याचं? माझा मुद्दा इथंच आहे. जो माणूस हौसेसाठी पाण्यावर जातो, ज्याला पोहता येतं, ज्याच्या बाजूला मदतीची बोट उभी असते, तो जॅकेट घालतो. आणि आपली बाई, जिला पोहता येत नाही, जी रोजाच्या पैशासाठी नदी ओलांडते, ती नुसत्या लुगड्यावर डोंग्यात बसते. हे उलटं झालं की नाही, सांगा.

२३ जानेवारी २०२४ ची गोष्ट आहे. आपल्या विदर्भातलाच गडचिरोली जिल्हा, चामोर्शी तालुका. वैनगंगेपलीकडं मिरची तोडायला मजूर बाया डोंग्यातून निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा बाया बुडाल्या. तो पुराचा दिवस नव्हता, जानेवारी महिना होता. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. ही तीच वर्धा नदी, जी पुढं आपल्या जिल्ह्याच्या कडेनं वाहते. अशा वेळी आपण म्हणतो की पाण्यानं ओढून नेलं, नशिबात होतं. पण नाव उलटल्यावर पाण्यावर तोंड राहावं इतकी सोय प्रत्येकाच्या अंगावर असती, तर वाचण्याची संधी कितीतरी वाढली असती. आजच्या बोलण्यातून एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा. नाव कितीही चांगली असो, तरंगणारी वस्तू माणसाच्या अंगावर पाहिजे. नाव हातातून सुटते. अंगाला बांधलेलं सुटत नाही.

आता ही सोय करायची कशी ते पाहू. जुने लोक विहिरीत पोरांना पोहायला शिकवत तेव्हा पाठीला काय बांधत? वाळलेला भोपळा, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा. त्यामागचा हिशेब सोपा आहे. एक लिटर हवा साधारण एक किलो वजन पाण्यात उचलून धरते. माणूस पाण्यात असला की त्याचं बरंच वजन पाणीच उचलतं, तोंड वर राहायला वरून चार-पाच किलोचा आधार पुरतो. म्हणून पाच लिटरच्या रिकाम्या, घट्ट बुचाच्या कॅनला धरून बाई बराच वेळ तग धरू शकते.

पण एक फरक ध्यानात घ्या. पोहायला शिकताना डबा पाठीवर बांधतात, कारण शिकणारा पालथा पोहतो आणि शिकवणारा बाजूला असतो. अपघातात माणूस घाबरलेला असतो, कधी शुद्ध हरपते. तेव्हा डबा पाठीवर असला तर तोंड पाण्यात जातं. म्हणून डोंग्यात बसताना आधार छातीवर हवा. बाजारातलं चांगलं लाइफ जॅकेट असंच असतं, पुढून जाड, मानेमागं उशी आणि मांड्यांमधून घ्यायचा पट्टा. तो पट्टा लावायला बाया लाजतात आणि तसाच लोंबत सोडतात. तो लावला नाही तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं आणि बाई खालून निसटते. जॅकेट घेतल्यावर ते कमरेएवढ्या पाण्यात घालून पाहा. पाय उचला, मागं रेला. तोंड वर राहिलं तर जॅकेट तुमच्या मापाचं आहे. लेकरांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, त्यांच्या मापाचं वेगळं घ्या.

ज्या गावातून मजूर बाया रोज नदी ओलांडतात, तिथल्या गटानं पंधरा-वीस जॅकेटं सामाईक घ्यावीत. ग्रामसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या. ज्या शेतमालकाला पलीकडच्या बाया कामाला पाहिजेत, त्यालाही सांगा की तुमच्या मजुरीत आमच्या जॅकेटाचाही विचार करा. तोपर्यंत घरगुती सोय करायची तर जाड कापडाची बिनबाह्यांची बंडी शिवा. तिला पुढून तीन खिसे ठेवा आणि त्यात दोन-दोन लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या बुचं घट्ट लावून बसवा. खिशांची तोंडं शिवून टाका. कमरेला आणि मांड्यांमधून नाड्या बांधा. हा फक्त तात्पुरता आधार आहे, खऱ्या जॅकेटाची बरोबरी त्याला नाही. हीसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात घालून पाहिल्याशिवाय वापरू नका. पूर असेल तर जॅकेट असो की बंडी, नदीत उतरायचंच नाही.

डोंग्यात बसताना आणखी चार गोष्टी सांभाळा. पहिली, लुगडं. पाच-साडेपाच मीटरची साडी पाण्यात सुटली की पायांना वेढे घालते, म्हणून चढण्याआधी कासोटा घाला आणि पदर कमरेला खोचा. गमबूट आणि चपला काढून हातात घ्या, गमबूटात पाणी भरतं. दुसरी, लेकरू. तान्ह्या लेकराला ओढणीनं अंगाला गाठ मारून बांधू नका, गाठ पाण्यात सुटत नाही. त्याला जॅकेट घालून हातात धरा, आणि जमलं तर डोंग्यात नेऊच नका. तिसरी, बसणं. डोंग्यात उभं राहू नका, सगळ्याजणी एका बाजूला झुकू नका. फोटोसाठी तर मुळीच उठू नका. चौथी, वजन. डोंग्याच्या कडेखाली वीतभर अंतरावर बाहेरून लाल रंगाची रेघ मारून घ्या. माणसं आणि गाठोडी चढल्यावर पाणी त्या रेघेला लागलं तर दोघीजणींनी उतरायचं. मग नावाड्याशी हुज्जत घालायची गरज नाही, रेघच सांगते.

धरणाच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. ते शांत दिसतं, पण त्याच्या पोटात जुनी वावरं, विहिरी आणि झाडांची खोडं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती खोडं पाण्याच्या जेमतेम खाली येतात. तराफा त्यावर आपटून पलटतो आणि सूर मारणाऱ्या पोराची मान मोडते. मघाशी सांगितलं ना, त्या फळीवाल्यांनाही उथळ पाण्याची हीच भीती असते. अनोळखी पाण्यात डोकं पुढं करून उडी मारायची नाही, हे पोरांना घरात रोज सांगा. आणि पैनगंगेच्या काठच्या गावांनी पावसाळ्यात ईसापूरमधून पाणी सोडल्याची दवंडी ऐकली की नदीतून माणसं आणि गुरं दोन्ही बाहेर काढायची.

आता शेततळं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, आतून प्लास्टिक अंथरलेलं. तिथं बुडण्याचं कारण खोली एवढंच नाही. ओलं प्लास्टिक शेवाळानं इतकं गुळगुळीत होतं की काठावर येऊनही पोहणाऱ्याला वर चढता येत नाही. उपाय स्वस्त आहे. चारही बाजूंना हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर खुंट्याला बांधून पाण्यात सोडून ठेवा. पाण्यात दोन-तीन फुगवलेल्या ट्यूब दोरानं बांधून तरंगत्या ठेवा. चहूबाजूंनी कुंपण करा आणि फाटकाला कडी लावा.

शेततळ्यात पोरं थर्माकोलच्या तुकड्यावर बसून फिरतात. थर्माकोल मधोमध मोडतो आणि दोन्ही तुकडे हातातून निसटतात. ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये बूड घालून बसलं आणि ती उलटली, तर पाय वर आणि डोकं पाण्यात अशी गत होते. ट्यूब आधाराला धरायची असते, तिच्यात अडकून बसायचं नसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पंप काढायला तराफ्यावर जायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा. स्विचपाशी एक माणूस उभा ठेवायचा. वायरचं आवरण फाटलेलं असेल तर पाण्यात वीज उतरते, आणि वाचवायला उडी मारणाराही तिथंच राहतो.

पाण्यावर जाणाऱ्या माणसाबद्दल बोललो, आता ती नाव किंवा फळी बनवणाऱ्याबद्दल. पुण्या-नागपूरकडं आपली कित्येक पोरं फायबरच्या कारखान्यात आहेत. टाक्या, दारं, मूर्ती, नावा, सगळं फायबरचं होतं. त्या उडत्या फळ्याही काचेच्या नाहीतर कार्बनच्या धाग्यांवर चिकट रेझिन चढवून बनवतात. गावात कोणी जुना फायबरचा डोंगा दुरुस्त करतं तेव्हा तेच सामान असतं. त्यात चार धोके आहेत.

पहिला धोका हार्डनरचा. साध्या रेझिनला घट्ट करायला जो पाण्यासारखा पातळ द्रव थोडासा घालतात, त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. काम करताना बाजूनंही बंद असलेला चष्मा पाहिजेच. थेंब गेलाच तर पापणी उघडी धरून वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. दूध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका. दुसरा धोका आगीचा. हार्डनर आणि निळसर-जांभळं कोबाल्टचं औषध हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो. रेझिनची वाफ पेट घेते, म्हणून चूल, बिडी आणि उदबत्ती लांब ठेवा आणि काम मोकळ्या हवेत करा. तिसरा धोका धुळीचा. वाळलेलं फायबर घासताना उडणारी काचेची कस फुप्फुसात जाते आणि अंगाला खाजते. तोंडाला रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क पाहिजे. आणि त्या कामाचे कपडे घरात कोण धुतं? आपणच. ते कपडे लेकरांच्या लंगोटांत मिसळू नका. बाहेरच झटका आणि वेगळे धुवा.

चौथा धोका ग्राइंडरचा. चकतीवरचं लोखंडी झाकण काढून ग्राइंडर चालवणारे पुष्कळ आहेत. चकती फुटली की तुकडा गोळीसारखा येतो. ग्राइंडरला लाकूड कापायचं दात्यांचं पातं तर लावायचंच नाही, ते अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं. जवळून जाताना ओढणी आणि पदर आवरा. रेझिनचे रिकामे डबे घरात पाण्याला किंवा धान्याला वापरू नका, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. अंगावर काही न घालता औषधाशी गाठ घालणं काय असतं, ते यवतमाळला दुसऱ्यानं शिकवायला नको.

शेवटी, कोणी बुडताना दिसलं तर काय करायचं. ६ ऑगस्ट २०२० ला तामिळनाडूतल्या पेरम्बलूर जिल्ह्यात कोट्टरई धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. तिथं असलेल्या तीन बायांनी अंगावरची लुगडी सोडली आणि त्यांच्याकडं फेकली. दोन जण वाचले. त्या बायांचा पुढं सरकारनं सन्मान केला. त्यांनी केलं तेच शहाणपणाचं आहे, वस्तू पुढं करायची. बुडणारा माणूस जे हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही खाली नेतो. म्हणून आधी ओरडून माणसं गोळा करा. काठी, बांबू, दोर, साडी, जे असेल ते द्या. देणारीनं काठावर पोटावर पडावं आणि तिचे पाय मागून दोघींनी धरावेत. पाच लिटरच्या कॅनला पंधरा मीटर दोर बांधून घाटावर टांगून ठेवा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी घाला म्हणजे तो लांब फेकता येतो.

माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जातं. एकीनं लगेच १०८ ला फोन लावावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि पांघरूण घाला. श्वास चालत नसेल तर सपाट जमिनीवर उताणं ठेवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडानं पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून तीस वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, वेग सेकंदाला साधारण दोन. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस वेळा दाबणं. गाडी येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसरीनं घ्यावं. आणि माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. काही तासांनी श्वास अडकू शकतो. हे सगळं गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून एकदा हातानं करून शिकून घ्या.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. त्या सुमाराला आपल्याकडं निंदणाची घाई असते, नद्या भरलेल्या असतात. म्हणून तोपर्यंत थांबू नका. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन कामं वहीत लिहा. गावाजवळ कुठं कुठं पाणी ओलांडतात त्या जागांची यादी करा. प्रत्येक जागी दोराचा कॅन टांगा. आणि पलीकडं कामाला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंगावर जॅकेट येईपर्यंत हा विषय दर बैठकीत पहिला घ्या. एखादी म्हणेल, इतकी वर्षं गेलो, काही झालं नाही. तिला समजावा, आणि आधी तिलाच जॅकेट घाला.

आपल्या गावात काय केलं ते पत्रानं कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवीन.